तेविसावी पावती

मित्रांनो, आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा. ती पिन मी मारली. हात दुसऱ्याचा होता, पण कागदातून आरपार गेली ती पिन माझ्याच पोटातली. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. तशी ती पहिल्यापासूनच नव्हती म्हणा. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे आणि ती पिनांना सारखी पुढे रेटत असते, "चला, सरका, पुढे व्हा" म्हणून. असली स्प्रिंग पोटात घेऊन कोण निवांत बसेल?

मी एक जुना स्टेपलर आहे. लोखंडी, वजनाने दणदणीत. अंगावरचा हिरवा रंग आता फक्त सांदीकोपऱ्यात उरलाय. हल्लीचे प्लास्टिकचे भाऊबंद चार कागद पुढे आले की माना टाकतात. मी ऐन उमेदीत वीस कागद एका दणक्यात शिवायचो. असो, स्वतःची टिमकी वाजवायची मला सवय नाही.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. एका यंत्राने माझा पत्रा कापला, दुसऱ्याने वाकवला, आणि शेवटी एका बाईने मला हातात घेऊन तीनदा दाबून बघितलं. तिन्ही वेळा पिन नीट मुडपली. "चालेल," म्हणाली आणि खोक्यात टाकलं. मुलाखत म्हणाल तर माझी एवढीच झाली. माणसांच्या मुलाखतींना किती वेळ लागतो आणि त्यात जीव कसा टांगणीला लागतो, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी कामाला लागलो. स्टोअर म्हणजे लांबच लांब खोली, छतापर्यंत मांडण्या, त्यांत पाने, हातोड्या, हातमोजे, नट, बोल्ट. एका भिंतीला खिडकी, खिडकीला लाकडी फळी. कारागीर बाहेरून हत्यार मागायचे, आतून स्टोअरकीपर द्यायचा. फळीच्या उजव्या कोपऱ्यात माझी जागा होती.

हा स्टोअरकीपर म्हणजे अजब माणूस. खिळा दिला तरी पावती. खिळा परत घेतला तरी पावती. कारखान्यात सगळे त्याला पावतीशेठ म्हणायचे, त्याच्या तोंडावर आणि तेही प्रेमाने. त्याला एक खोड होती. लिहिताना तो प्रत्येक शब्द पुटपुटायचा. मला वाचता येत नाही, मित्रांनो, पण त्या खोडीमुळे कारखान्यातला प्रत्येक कागद मला तोंडपाठ झाला. तो म्हणायचा, "या इमारतीत वेळेवर काम करणारे दोघंच. एक मी आणि एक हा." हा म्हणजे मी. ते ऐकून मी अर्धा दिवस फुगून बसायचो.

सहा वर्षांनी माझी स्प्रिंग तुटली आणि मधला खिळाही झिजला. ऑफिसने मला यादीतून बाद केलं आणि भंगारात टाका म्हणून सांगितलं. शेठने मला टाकलं नाही. तो मला घेऊन थेट टर्नरकडे गेला. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा, त्याचा जुना दोस्त. टर्नरने जेवणाच्या सुट्टीत मला नवा खिळा घडवून दिला आणि कुठल्याशा जुन्या टॉर्चमधली स्प्रिंग बसवली. "आता हा आपल्या दोघांपेक्षा जास्त टिकेल," तो म्हणाला. त्याचे उपकार माझ्या अंगात अक्षरशः बसवलेले आहेत. आणि पुढे मी त्यालाच पिन टोचली.

त्याचं असं झालं. त्या कारखान्यात एक रीत होती. काम सोडून जाणाऱ्याने खिडकीत येऊन आपली हत्यारं परत करायची आणि जमापावतीवर सही करायची. पावतीशेठ नवीन होता तेव्हा पहिली पावती झाली ती पॅकिंगमधल्या एका बाईंची. त्यांना स्वतःचं शिवणाचं दुकान टाकायचं होतं. बाई इतक्या खुशीत होत्या की म्हणाल्या, "लिहा, मी माझ्या खुशीने काम सोडत आहे." शेठने हौसेने लिहिलं आणि खाली हत्यारांची ओळ घातली. मजकूर त्याला पसंत पडला. पुढच्या वेळी त्याने तोच उतरवला, आणि नंतर छापखान्यातून त्याची पुस्तकंच छापून आणली. नाव आणि तारखेची जागा मोकळी, बाकी सगळं तयार. पुढे जो जो गेला तो खरोखरच आपल्या मर्जीने गेला. कोणाला दुसरीकडे चांगलं काम मिळालं, कोणाचं वय झालं. त्या ओळीकडे मग कोणी बघितलंच नाही, आपण आपल्या उंबरठ्याकडे कुठे रोज बघतो?

मग एका दुपारी कंपनीने एक अख्खा विभाग स्टोअरसकट बंद केला. तेवीस माणसांना प्रत्येकी एक पत्र मिळालं: कामाची मागणी घटल्याने आपली सेवा आजपासून संपवण्यात येत आहे. माणसं खिडकीपुढे रांगेत उभी राहिली. पाने, मोजपट्ट्या, हातमोजे फळीवर येत होते. शेठ नेहमीसारखं नाव लिहीत होता, सही घेत होता, पत्राला पावती जोडत होता आणि मला दाबत होता. एक प्रत माणसाला, एक ऑफिसच्या फायलीला. टर्नरचा नंबर आठवा होता. त्याने पावतीकडे बघितलंही नाही, सही करताना तो मांडणीकडे बघत होता.

बाविसावी पावती झाली. तेविसावं पत्र शेठच्याच नावाचं होतं. आता खरं तर त्याच्याकडून पावती मागणारं तिथे कोणीच उरलं नव्हतं. पण हा गृहस्थ दार उघडून बाहेर गेला, खिडकीसमोर उभा राहिला आणि आपल्या किल्ल्या फळीवर ठेवल्या. मग आत आला, किल्ल्या मोजून घेतल्या, पावती लिहिली. पुन्हा बाहेर गेला आणि सही केली. पुन्हा आत आला आणि मला दाबलं. हसू नका, मित्रांनो. मला त्या वेळी हसू आलं होतं आणि त्याची मला अजून लाज वाटते.

मी यादीतून बाद झालेला असल्यामुळे त्याला मला घरी नेता आलं. जाताना मॅनेजर म्हणाले, "काम वाढलं की पहिला फोन तुम्हाला." तो फोन शेठने मनात जपून ठेवला.

घरी मला टेबलाच्या खणात जागा मिळाली. शेजारी संपलेले सेल, तुटक्या बटणांची डबी, लेकीच्या केसांच्या पिना. त्या पिनांना मी आधी आपल्यातल्याच समजलो होतो, पण त्यांना कागदाचं काही सोयरसुतक नव्हतं. आठवडा गेला, दोन गेले. बाहेर शेठच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या, सात पावलं खिडकीपर्यंत, सात परत. गल्लीतलं कोणी विचारलं की तो दारातूनच सांगायचा, "मीच सोडलं. किती दिवस राबायचं माणसाने?" घरात बायकोला आणि लेकीला खरं माहीत होतं, पण त्या गप्प राहायच्या. फोन वाजला की पावलं थांबायची. फोन दुसऱ्याच कोणाचा असायचा.

मग एके दिवशी खण उघडला आणि मी उजेडात आलो. बेरोजगार भत्त्याच्या ऑफिसातून पत्र आलं होतं. गुरुवारी सकाळी सव्वादहाला भेटीसाठी या, सोबत कागदपत्रं आणा. अर्ज लेकीने आग्रहाने भरायला लावला होता. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि तिच्या एकटीच्या कमाईवर तिघांचं घर ओढून ताणून चाललं होतं. तिने एक गोष्ट ठासून सांगितली. "बाबा, भत्ता मिळतो तो काम गेलेल्यांना. ज्याने स्वतःहून सोडलं त्याला नाही. तेवढं लक्षात ठेवा."

"मला काय कळत नाही का," शेठ म्हणाला.

काम मिळालं म्हणून मी हरखलो, पण ते काम कसलं, नुसता छळ होता. त्याने कंपनीचं पत्र वर ठेवलं, त्यावरची पावती तशीच, मागे पगाराची पत्रकं, मग ओळखपत्राची प्रत. मला दाबलं. मग आठवलं की फोटो राहिला. पिन उचकटली, फोटो घातला, पुन्हा दाबलं. मग वाटलं ओळखपत्र वर हवं. पुन्हा उचकटली. चार दिवसांत त्या पत्राच्या कोपऱ्याची चाळणी झाली. मध्येच तो कागद न घेता मला नुसताच दाबत बसायचा, टक, टक, टक, आणि टेबलावर वाकड्या पिनांचा ढीग व्हायचा. बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर निघून जायची.

बुधवारी, चारच्या सुमाराला, दारावर थाप पडली. टर्नर आला होता. तो आत आला, बसला नाही, आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"तुझी तारीख कधी आहे शेठ?"

"उद्या. तुझी सोमवारी होती ना? काय झालं?"

"वाच."

लेकीने कागद उचलला आणि मोठ्याने वाचला. "अर्जदाराने स्वेच्छेने काम सोडल्याचे दिसून येते. सबब भत्ता नामंजूर."

"स्वेच्छेने?" शेठची बायको दारातच थबकली. "अहो भावोजी, तुम्हाला तर काढलं."

"कंपनीचं पत्र म्हणतं काढलं, वहिनी. पण त्याला जोडलेली पावती म्हणते मी खुशीने गेलो. पत्रावर सही कंपनीची आणि पावतीवर सही माझी. भत्त्याच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, दोन कागद दोन गोष्टी सांगत असतील तर आम्ही अर्जदाराची सही बघतो. मी म्हटलं, अहो, ती पावती आमचे पावतीशेठ सगळ्यांनाच देतात. तर म्हणाल्या, शेठ कोण?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही, थकल्यासारखा खुर्चीत बसला. शेठने आपल्या गठ्ठ्यातली पावती वर केली. त्याचे ओठ हलले. "मी माझ्या खुशीने." मग त्याने ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. तेवीस माणसांच्या पत्रांना त्याने स्वतःच्या हाताने ही ओळ जोडली होती. मीही माझ्या दातांकडे बघू शकत नव्हतो.

लेकीने पटकन सुरी आणली. "काढून टाका ती पावती. नुसतं पत्र न्या."

"उपयोग नाही, बाळा," टर्नर म्हणाला. "कंपनीने आपल्या प्रती पाठवल्यात. त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतंय सगळं. लपवायला गेला तर खोटाच ठरेल."

"मी कागद फाडणार नाही," शेठ म्हणाला. "कधी फाडलेला नाही." पण आवाजात जोर नव्हता.

मग बायको स्वयंपाकघरात गेली आणि पावत्यांचा एक गठ्ठा घेऊन आली. छपाई तिरकी गेलेल्या, म्हणून बाद झालेल्या कोऱ्या पावत्या होत्या त्या. शेठने त्या फार पूर्वी घरी आणल्या होत्या आणि ती त्यांच्या पाठीवर सामानाच्या याद्या करायची. "या दाखवल्या तर?" ती म्हणाली. "यावर कोणाचं नाव नाही, तारीख नाही."

टर्नरने एक हातात घेतली आणि तीन आठवड्यांत बहुधा पहिल्यांदाच हसला. "बघ की. माणसाचा पत्ता नाही, पण खुशी आधीच छापून तयार."

"पण त्यांना हे सांगायला लागेल," बायको म्हणाली, "की ओळ तुमची आहे. आणि खुशी कोणाचीच नव्हती."

शेठ उठून खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. "मी असं लिहून दिलं तर मॅनेजरना कळेल. मग त्यांचा फोन यायचा नाही."

"आत्तापर्यंत आलाय?" बायकोने विचारलं.

टर्नर मान खाली घालून आपले तळवे बघत बसला. त्याच्या घरी म्हातारी आई आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली आहेत, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते कोणी बोललं नाही.

"बरं, तालीम करू," बायको म्हणाली. तिने चष्मा लावला, टेबलाच्या पलीकडे बसली आणि मला कागदांवर वजन म्हणून ठेवलं. "मी ऑफिसातली बाई. काय काम करत होता तुम्ही?"

झालं, शेठला तेवढंच पाहिजे होतं. मांडण्या किती, खण किती, पान्यांना नंबर कोणी घातले, कोणत्या पावसात गोदामात पाणी शिरलं आणि त्याने हातमोजे कसे वाचवले, सगळं सांगून झालं. बायकोने बोटाने टेबल वाजवलं. "काम का सुटलं?"

"तसं बघितलं तर... बरीच वर्षं झाली होती. म्हटलं, आता बास."

"बाबा, संपलं," लेक म्हणाली. "नामंजूर."

"पुन्हा विचार," शेठ म्हणाला.

"काम का सुटलं?"

"मागणी घटली. कंपनीचा नाइलाज झाला. तेव्हा मी..."

"तुम्ही काय? गल्लीत काय सांगायचं ते सांगा, मी आजवर अडवलं नाही. उद्या तिथे सांगू नका. तुम्हाला काय केलं कंपनीने?"

एवढा एक शब्द, मित्रांनो, आणि तो त्याच्या घशात असा अडकला होता, जशी माझ्या तोंडात कधी कधी वाकडी पिन अडकते. मागची पिन पुढे येत नाही आणि अडकलेली बाहेर पडत नाही. पाच वेळा तालीम झाली, आणि पाचही वेळा तो त्या शब्दाच्या अलीकडे थांबला. टर्नर निघताना म्हणाला, "जमेल तेवढं सांग. मी उद्या येतो तिथे. बाहेर बसतो." शेठने मान हलवली. मला आपलं सारखं वाटत होतं की हा उद्या तिथेही "आता बास" म्हणून मोकळा होणार.

सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, काढला, दुसरा घातला. कागद पिशवीत घातले, काढून मोजले, पुन्हा घातले. मलाही घातलं. लेक म्हणाली, "स्टेपलर कशाला?" तो म्हणाला, "असू दे." तासभर आधीच आम्ही तिथे पोचलो. टर्नर आधीच येऊन बाकावर बसला होता. ऑफिस म्हणजे एक मोठा हॉल, जमिनीला घट्ट ठोकलेल्या खुर्च्या आणि भिंतीवर लाल आकडे दाखवणारी पाटी. आकडा बदलला की टुंग वाजायचं आणि सगळ्यांच्या माना एकदम वर व्हायच्या. शेठ आपलं चिठोरं दर दोन मिनिटांनी बघत होता, जणू त्यावरचा नंबर बदलणार होता. पिशवीत त्याचा हात माझ्यावर होता.

टुंग. आमचा नंबर लागला.

काउंटरवरची मॅडम लेकीपेक्षा थोडीशी मोठी असेल. तिला सर्दी झाली होती. तिने गठ्ठा हातात घेतला आणि कोपऱ्याची चाळणी बघून एक भुवई उंचावली. मग पावतीवर तिचं बोट थांबलं.

"काका, इथे तुम्ही लिहून दिलंय की खुशीने काम सोडलं."

"हो. ते वाक्य माझंच आहे."

"म्हणजे तुम्ही स्वतःहून सोडलंत?" तिने पेन उचललं.

माझी स्प्रिंग आवळून आली. तिचं पेन कागदाला टेकायच्या बेतात होतं. शेठने घाईघाईने पिशवीतला कोऱ्या पावत्यांचा गठ्ठा काढून तिच्यापुढे सरकवला, त्याबरोबर मीही बाहेर पडलो आणि टेबलावर धाडकन आदळलो. तिने दचकून पेन मागे घेतलं.

"वाक्य मी लिहिलं, मॅडम. फार वर्षांपूर्वी, एका बाईंसाठी. मग छापूनच आणलं. हे बघा, यावर नाव नाही, तारीख नाही, तरी वाक्य आहे. मी स्टोअरकीपर होतो. त्या दिवशी सगळ्यांना मीच ही पावती दिली. तो टर्नर, सोमवारी तुमच्याकडे आला होता, त्यालाही. कोणी वाचली नाही. मीही नाही."

मॅडमने तीन-चार कोऱ्या पावत्या उलटसुलट करून बघितल्या आणि शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना दाखवल्या. ते दोघं हलक्या आवाजात काही बोलले. ती परत आली. "काका, नुसत्या कोऱ्या पावत्यांवर मला काही करता येणार नाही. तुम्ही लेखी द्याल का? कोणाकोणाला ही पावती दिली आणि त्यांचं काम खरं कशामुळे गेलं, ते. प्रत्येकाचं नाव पाहिजे. आणि हे आम्ही कंपनीला पाठवू, हेही आधीच सांगते."

कंपनीला पाठवणार म्हटल्यावर तो जरा थांबला. मग त्याने दोन कोरे कागद मागून घेतले.

आणि तो लिहायला लागला. यादी बघायची त्याला गरजच नव्हती. तो माणसं त्यांच्या हत्यारांवरून लक्षात ठेवायचा. पाना नंबर चौदा, फिटर. मोजपट्टी नंबर तीन, तपासनीस बाई. त्यांची नावं घातली, आणि मग तिसऱ्या रकान्यात काय झालं ते लिहायचं होतं. पेन थबकलं. मॅडम म्हणाली, "पहिल्याला लिहा आणि खाली सगळ्यांना वरीलप्रमाणे म्हणा, चालेल."

"नको," तो म्हणाला. "प्रत्येकाचं पूर्ण लिहितो."

तुम्हाला त्याची खोड माहीत आहे. तो लिहिताना पुटपुटल्याशिवाय राहूच शकत नव्हता. फिटर, काढले. तपासनीस, काढले. पहिल्या दोन-तीन वेळा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. मग आवाज यायला लागला. रंगारी, काढले. टर्नर, काढले. मागच्या रांगेतली माणसं वाकून बघायला लागली. शेजारच्या खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. शेठला कशाचंच भान नव्हतं. बाविसाव्या नावापर्यंत तो शब्द त्याच्या तोंडात कुठल्याही साध्या शब्दासारखा झाला होता, पान्यासारखा, खिळ्यासारखा. तेविसाव्या ओळीवर त्याने स्वतःचं नाव लिहिलं. किल्ल्यांचा जुडगा, नंबर एक. मग मान वर करून, लिहिण्याच्या आधीच, त्याने मॅडमकडे बघून सांगितलं.

"मला काढलं, मॅडम. मी सोडलं नव्हतं. मला ते काम फार आवडायचं."

आणि मग त्याने ते लिहिलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते पुसायची घाई केली नाही. मॅडमने आपल्या रुमालांच्या खोक्यातला एक रुमाल काढून त्याच्या बाजूला ठेवला आणि ती कॉम्प्युटरकडे बघत राहिली.

दोन कागद भरले होते. त्याचा हात सवयीने माझ्याकडे आला, त्याने कोपरे जुळवले आणि मला उचललं. मॅडम म्हणाली, "पिन नको काका. स्कॅन करताना अडकते. सुटेच द्या." त्याने मला परत खाली ठेवलं. दोन सुटे कागद त्याने तिच्याकडे सरकवले आणि ते उडून जातील की काय म्हणून तळहात थोडा वेळ त्यांच्यावरच ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याशिवाय कागद हातावेगळा केला आणि, खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही.

बाहेर टर्नर उभा राहूनच वाट बघत होता. "काय झालं?"

"तुझा अर्ज पुन्हा उघडतायत. सगळ्यांचे बघणार म्हणाल्या. उद्या ये."

"आणि तुझा?"

"पत्राने कळवतील." मग तो म्हणाला, "सांगितलं मी. काढलं म्हणून." टर्नरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं तसेच जिना उतरले. पिशवीत मी पिनांवर पिना आपटत होतो, कारण मॅनेजरचा फोन आता येणार नाही आणि भत्त्याचं पत्र कधी येईल हे कोणालाच माहीत नाही. अजून ते आलेलं नाही. येरझाऱ्या चालूच आहेत. पण गल्लीत कोणी विचारलं तर तो आता खरं ते सांगतो.

माझ्यासारख्यांना कसं जपायचं ते तुम्हाला थोडक्यात सांगतो, मित्रांनो. कोरडं ठेवा, पिन अडकली तर सुरीने उचकटू नका, आणि जीव रमवायला रिकामं दाबत बसू नका. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. मला दात आहेत, पण वाचता येत नाही. दोन कागद माझ्या तोंडात देण्याआधी ते दोन्ही तुम्ही वाचा, रोजचे असले तरी, छापील असले तरी. आणि ज्याची सही घ्यायची आहे तो माणूस भलतीकडेच बघत असेल, तर समजा की तो वाचणार नाही, नुसती सही करेल. त्याला बसवा, पाणी द्या, आणि प्रत्येक ओळ त्याला वाचून दाखवा. कितीही घाईचा असला तरी कागद तेवढा वेळ थांबतो.